पासाव ते बुडापेस्ट बोटीने, व्हिएन्ना ते साल्झबर्ग गाडीने: दोघांसाठी सोळा रात्रींची आखणी

डॅन्यूबवरची क्रूझ आणि गाडीचा प्रवास एकाच सहलीत बसवायचा असेल, तर कुठली गावं बोटीने पाहायची आणि कुठली गाडीने, हे आधी वेगळं करा. बोट तुम्हाला व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट या शहरांत अगदी मधोमध उतरवते. तिथे गाडी म्हणजे ओझं: पार्किंगचे पैसे, पार्किंगचे नियम आणि एकेरी रस्ते. उलट चेकियातले दक्षिण मोराव्हियाचे द्राक्षमळे आणि तेल्च गावाचा चौक, ऑस्ट्रियातलं हालस्टाटचं तळं इथे बोट जाऊच शकत नाही, आणि रेल्वे-बसने गेलात तर निम्मा दिवस गाड्या बदलण्यात जातो. बहुतेक तयार सहलींत नेमकं उलटं होतं. व्हिएन्नात गाडी हातात असते आणि खेड्यांसाठी वेळ उरत नाही.

मार्ग असा. मुंबईहून म्युनिक. म्युनिक विमानतळावरून रेल्वेने जर्मनीच्याच सीमेवरचं पासाव आणि तिथे एक रात्र. मग सात रात्री बोट, पासाव ते बुडापेस्ट. बुडापेस्टहून रेल्वेने व्हिएन्ना, एक रात्र. तिथून गाडी: चेकियात मिकुलोव्ह एक रात्र आणि चेस्की क्रुम्लोव्ह दोन, मग ऑस्ट्रियात हालस्टाटजवळ दोन. साल्झबर्गला गाडी परत करून तिथे दोन रात्री, आणि रेल्वेने पुन्हा म्युनिक. एकूण सोळा रात्री. जाण्यायेण्याचं विमान एकाच विमानतळाचं असल्याने तिकीट साधं राहतं. गाडी व्हिएन्नात घेऊन साल्झबर्गला सोडायची, म्हणजे दोन्ही टोकं ऑस्ट्रियातच. याला महत्त्व आहे, कारण एका देशात घेतलेली गाडी दुसऱ्या देशात सोडली तर त्याचा दंडवजा आकार कित्येकदा गाडीच्या पूर्ण भाड्याहून जास्त होतो. बुडापेस्टलाच गाडी घेऊन साल्झबर्गला सोडावी असं वाटतं खरं, पण तो मोह टाळा.

पासावच का

नदीवरच्या क्रूझला सर्वांत मोठा धोका पाण्याच्या पातळीचा असतो. पाणी कमी झालं की बोटीचा तळ टेकतो, फार वाढलं की बोट पुलाखालून जात नाही. दोन्ही वेळी होतं एकच: प्रवाशांना बसमध्ये बसवतात, किंवा पुढे थांबलेल्या दुसऱ्या बोटीवर सामानासकट हलवतात. करारात मार्ग बदलण्याचा हक्क कंपनीने राखून ठेवलेला असतो, त्यामुळे पैसे परत मिळतील असं धरून चालू नका.

डॅन्यूबचा जर्मनीतला सगळ्यांत नाजूक तुकडा श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन. तिथे नदी मोकळी वाहते, पाणी अडवणारं धरण नाही, आणि उन्हाळ्याच्या शेवटी पात्र उथळ होतं. न्यूर्नबर्ग किंवा रेगेन्सबुर्गहून निघणाऱ्या बोटींना तो ओलांडावाच लागतो. पासाव त्याच्या खालच्या अंगाला आहे. शिवाय पासावला आल्प्समधून येणारी इन नदी डॅन्यूबला मिळते, आणि वर्षाची सरासरी काढली तर ती डॅन्यूबपेक्षा जास्त पाणी आणते. तिथून व्हिएन्नापर्यंत वीजनिर्मितीच्या धरणांची साखळी आहे, ती पातळी बऱ्यापैकी धरून ठेवते. मग मोकळं वाहणारं पात्र मुख्यतः दोनच ठिकाणी उरतं: ऑस्ट्रियातल्या वाखाउच्या खोऱ्यात आणि व्हिएन्नाच्या पूर्वेला.

महिना निवडताना हेच डोक्यात ठेवा. मेचा दुसरा पंधरवडा ते जुलैची सुरुवात हा आमच्या मते सगळ्यांत भरवशाचा काळ. आल्प्सचा बर्फ वितळत असतो, दिवस रात्री नऊपर्यंत लांबतो. ऑगस्ट ते ऑक्टोबर पाणी कमी असण्याचा काळ. सप्टेंबरात द्राक्षतोडणी असते, हवा सुरेख असते, पण त्या सौंदर्यासाठी पातळीची जोखीम घ्यावी लागते. पुराचा नेम मात्र नसतो. जून २०१३ मध्ये पासावला पाणी १२.८९ मीटरवर गेलं होतं, सप्टेंबर २०२४ च्या पुरातही बोटी थांबल्या होत्या. पासावच्या जुन्या नगरभवनाच्या भिंतीवर प्रत्येक मोठ्या पुराची रेघ आणि साल कोरलेलं आहे. २०१३ ची रेघ माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर आहे, मान मागे टाकून पाहावी लागते. त्यापाशी दोन मिनिटं उभे राहिलात की बोटीचा कॅप्टन पातळीबद्दल इतका हळवा का असतो ते कळतं.

निघण्याआधी दहा दिवसांपासून पातळी स्वतः पाहत जा. ऑस्ट्रियाची ‘डोरिस’ ही सरकारी माहितीसेवा इंटरनेटवर फुकट आहे. त्यात वाखाउसाठी कीनश्टॉक आणि व्हिएन्नाखालच्या भागासाठी विल्डुंग्समाउअर या दोन मोजणी-ठिकाणांचे आकडे बघा. एका दिवसाचा आकडा फसवा असतो, आठवड्याभराचा कल बघा.

आरक्षणाआधी कंपनीला तीन प्रश्न लेखी विचारा. बोट नेमकी कुठल्या धक्क्यावरून सुटते? ‘पासाव’ लिहिलेल्या काही क्रूझ प्रत्यक्षात फिल्सहोफेनहून निघतात, आणि मग वरचा सगळा हिशेबच थोडा बदलतो. पाण्यामुळे बोट बदलली तर दुसऱ्या बोटीवर त्याच दर्जाची केबिन मिळते का? आणि दोन किंवा जास्त दिवस बसने काढावे लागले तर भरपाई काय? उत्तर गोलमोल आलं तर दुसरी कंपनी बघा.

केबिन

या नदीवरच्या मोठ्या बोटींची लांबी जास्तीत जास्त १३५ मीटर आणि रुंदी साडेअकरा मीटरच्या आत असते. कारण माइन नदीवरचे आणि माइन-डॅन्यूब कालव्यावरचे लॉक १२ मीटर रुंद आहेत, आणि बोट सगळीकडे चालावी म्हणून ती त्याच मापाने बांधतात. (लॉक म्हणजे धरणाशेजारचा दोन दरवाज्यांचा हौद; त्यात बोट घालून पाणी भरून किंवा सोडून ती वर-खाली नेतात.) रुंदी ठरलेली असल्याने केबिनही लहानच. १५ ते १७ चौरस मीटर ही सर्वसाधारण जागा.

सर्वांत खालच्या डेकवरची केबिन स्वस्त असते. तिची खिडकी छताजवळ, पाण्याच्या किंचित वर आणि उघडत नाही. दिवसभर बाहेर फिरणाऱ्यांना ती चालते. पण सहजीवनाच्या एखाद्या खास वर्षासाठी जात असाल, पहाटे अंथरुणातूनच वाखाउचे मळे सरकताना पाहायचे असतील, तर मधल्या डेकवर ‘फ्रेंच बाल्कनी’ घ्या: जमिनीपासून छतापर्यंत सरकती काच आणि पुढे कठडा. पूर्ण बाल्कनीसाठी आणखी पैसे देण्याची गरज आम्हाला वाटत नाही, कारण धक्क्यावर बोटी एकमेकींना खेटून दोन-तीन उभ्या राहतात आणि तुमच्या बाल्कनीसमोर दुसऱ्याची बाल्कनी येते. तेव्हा पडदा ओढून घ्यावाच लागतो. अगदी मागच्या टोकाची केबिन टाळा, तिथे इंजिनाचा घुमारा रात्रभर येतो. जिन्याला आणि स्वागतकक्षाला लागून असलेलीही टाळा. दोन पलंग जोडून हवेत की वेगळे, हे आरक्षणातच लिहा. जोडून ठेवले तरी पांघरुणं दोन वेगळीच मिळतात, तिकडची ती पद्धतच आहे.

किमतीत काय धरलंय ते वाचा. बंदर-आकार, रोजच्या सहली, जेवणासोबतची पेयं आणि टिप. टिप वेगळी असेल तर माणशी दिवसाला साधारण १० ते १५ युरो धरून चाला. दोघांचे सात दिवसांचे दीड-दोनशे युरो सहज होतात.

व्हिसा आणि कागद

जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, हंगेरी, चेकिया हे पाचही देश शेंगेनमध्ये आहेत, त्यामुळे एकच व्हिसा लागतो. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा हे रात्रींच्या मोजणीवर ठरतं: जिथे सर्वाधिक रात्री, तो देश. वरच्या आखणीत बोटीवरच्या रात्री धरून ऑस्ट्रियाच्या रात्री सर्वांत जास्त होतात, म्हणून अर्ज ऑस्ट्रियाकडे. पहिल्यांदा जर्मनीत उतरता म्हणून जर्मनीकडे अर्ज करू नका. पहिला देश फक्त रात्री समसमान असतील तेव्हाच धरतात. अडचण येते ती बोटीच्या रात्रींची. ‘सात रात्री क्रूझ’ एवढंच लिहिलं तर मोजणार कसं? म्हणून कंपनीकडून तारीखवार बंदरांचं पत्र मागा, कुठली रात्र कुठल्या बंदरात किंवा कुठल्या देशाच्या पाण्यात, असं. ते अर्जाला जोडा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. प्रत्यक्षात मे-जूनसाठी तीन महिने आधी भेटीची वेळ घ्या. फी प्रौढांना ९० युरो, केंद्राचा सेवाआकार वेगळा. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध आणि गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा. बायकोचा पासपोर्ट माहेरच्या नावावर असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडा. नावं जुळत नाहीत म्हणून एकत्र प्रवासाबद्दल शंका येते, आणि ती एका कागदाने मिटते.

निघण्याआधी आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा; अर्जाला व्हिसा जोडण्याची अट २०२१ पासून नाही. ‘परिवहन’च्या संकेतस्थळावर फॉर्म ४-ए, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. हा परवाना मूळ परवान्यासोबतच चालतो. नुसतं स्मार्टकार्ड किंवा नुसतं पुस्तक दाखवलं तर गाडी मिळत नाही. दोघंही चालवणार असाल तर दोघांचे परवाने हवेत.

पहिली रात्र आणि बोट

बोटीत प्रवेश बहुधा दुपारी तीन-चारला असतो. तरीही त्याच दिवशी विमानाने पोचण्याची आखणी करू नका. विमानाला उशीर झाला तर बोट थांबत नाही, पुढच्या बंदरावर स्वखर्चाने गाठावी लागते. म्युनिक विमानतळावर परदेशी पाहुण्यांची चेहरा आणि बोटांच्या ठशांची नवी नोंदही होते, रांगेचा वेळ धरा. विमानतळावरून फ्रायसिंग किंवा लांड्सहूटला गाडी बदलून पासाव दोन-अडीच तास. ‘बायर्न टिकेट’ घ्या: बव्हेरियातल्या सगळ्या प्रादेशिक गाड्यांना दिवसभर चालतं, दोघांचं एकाच तिकिटावर होतं. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच चालतं आणि वेगवान आयसीई गाड्यांना अजिबात चालत नाही. तिकिटावर नाव लिहायला विसरू नका, न लिहिलेलं तिकीट वैध धरत नाहीत.

पासावला सकाळी शहराच्या टोकाला जा. इन, डॅन्यूब आणि काळसर पाण्याची इल्झ या तीन नद्यांचे रंग एकमेकांत मिसळण्याआधी काही अंतर वेगळे वाहतात. मग दुपारी बाराला सेंट श्टेफान चर्चमध्ये ऑर्गनवादन. जगातल्या सर्वांत मोठ्या चर्च-ऑर्गनपैकी एक, १७,९७४ नळ्यांचा. मे ते ऑक्टोबर, रविवार आणि सणाचे दिवस सोडून. दार वेळेवर बंद होतं, साडेअकराला जागा धरा.

बुडापेस्टपर्यंत अकरा लॉक लागतात, पासाव ते व्हिएन्ना परिसरात दहा आणि ब्रातिस्लाव्हाच्या खाली गाबचिकोव्होचा अकरावा. त्यातले निम्मे रात्री झोपेत जातात. एक तरी दिवसाउजेडी डेकवरून बघाच. बोट हौदात शिरते, मागचे पोलादी दरवाजे मिटतात, आणि शेवाळलेली ओली भिंत तुमच्या डोळ्यांसमोरून हळूहळू वर चढू लागते. खरं तर तुम्ही खाली जात असता. अर्ध्या तासात बोट दुसऱ्या पातळीवर बाहेर पडते. गाबचिकोव्होचा उतार सगळ्यांत मोठा, सुमारे वीस मीटर. वेळापत्रक स्वागतकक्षात विचारलं की मिळतं.

मेल्क ते क्रेम्स हा साधारण ३५ किलोमीटरचा वाखाउ बोट बहुतेक दिवसाच पार करते. त्या दोन तासांत दुसरं काही ठेवू नका. दोन्ही काठांवर दगडी बांधांवरचे द्राक्षमळे आणि जर्दाळूच्या बागा. ड्यूर्नश्टाइनला उतरलात तर वरच्या पडक्या किल्ल्यावर चढा, पाऊण तासात जाऊन येता येतं. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड याला ११९२ च्या हिवाळ्यात इथेच डांबून ठेवलं होतं. वाट खडबडीत आहे, चपला नकोत. इकडच्या सगळ्याच गावांत दगडगोट्यांचे रस्ते आहेत. नवे बूट नेऊ नका, महिनाभर घालून सैल झालेले न्या.

व्हिएन्नात बोट बहुधा राइशब्रुक पुलाजवळ लागते. फोअरगार्टनश्ट्रासे स्टेशन तिथून चालत काही मिनिटांवर, आणि यू-१ मेट्रोने चौथं स्टेशन श्टेफान्सप्लात्स. म्हणजे कंपनीची बस न घेताही शहराचं मध्य दहा मिनिटांत गाठता येतं. २४ तासांचं तिकीट घेऊन निळ्या खोक्यात शिक्का मारा. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, दंड तितकाच. बोट नुसडोर्फला लागली तर डी क्रमांकाची ट्राम.

बुडापेस्टमध्ये बोट रात्री शिरत असेल तर तासभर आधी वरच्या डेकवर जा, आणि जाकीट घेऊन जा. जूनमध्येही नदीवर गारठा लागतो. पुलांखाली डेकवर उभं राहू देत नाहीत, त्याचं कारण उंची. कर्मचारी खाली बसायला सांगतील तेव्हा लगेच बसा.

बुडापेस्टहून व्हिएन्ना

सकाळी नऊच्या सुमारास बोट सोडावी लागते. रेलजेट गाडी दोन तास चाळीस मिनिटांत व्हिएन्नाला नेते. तिकीट महिनाभर आधी हंगेरीच्या आणि ऑस्ट्रियाच्या दोन्ही रेल्वेंच्या अॅपवर बघा, त्याच गाडीचा दर दोन्हीकडे वेगळा असू शकतो. आसन आरक्षण वेगळं असतं, ते नक्की करा. हंगेरीत फोरिंट, चेकियात कोरुना, बाकी तिन्ही देशांत युरो. कार्ड-यंत्राने ‘रुपयांत देऊ का’ विचारलं तर नाही म्हणा, स्थानिक चलन निवडा. रुपये निवडले की दर ते ठरवतात आणि फरक तुमच्या खिशातून जातो.

गाडी घेताना

गाडी सकाळी अकराला घ्या आणि पाच रात्रींनंतर सकाळी अकराच्या आत साल्झबर्गला द्या. भाडं २४ तासांच्या मापाने चालतं, दोन तास उशीर म्हणजे अख्ख्या सहाव्या दिवसाचं भाडं. मुख्य चालकाच्या नावावरचं क्रेडिट कार्ड लागतं, डेबिट कार्ड कित्येक ठिकाणी नाकारतात. अनामत म्हणून काही रक्कम कार्डावर अडकवतात, तेवढी मर्यादा शिल्लक ठेवा, आणि भारतातून निघण्याआधी कार्डाचा परदेशी वापर चालू करा.

ऑटोमॅटिक गाडी महाग पडते, तरी घ्याच. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे आणि गिअर डाव्या हाताला. तिथे सगळं उलटं. उजव्या बाजूने चालणं, चौकात डावीकडे वळणं आणि शिवाय उजव्या हाताने गिअर, हे तिन्ही एकदम शिकायची ती वेळ नव्हे. दुसऱ्या चालकाचा रोजचा आकार असतो. दिवसाला सरासरी शंभर-दीडशे किलोमीटरच्या या प्रवासात एकानेच चालवून दुसऱ्याने नकाशा आणि फलक पाहणं जास्त सुरक्षित. हे काम आधीच वाटून घ्या, चालत्या गाडीत वाद नको.

चेकियात गाडी नेणार हे आरक्षणातच सांगा आणि परवानगीचा कागद घ्या. सांगितलं नाही तर तिथल्या अपघाताला विमा लागू पडत नाही. विम्यात काच, टायर आणि गाडीचा खालचा भाग बहुतेक वेळा वगळलेला असतो, आणि नुकसान नेमकं तिथेच होतं. ताब्यात घेताना गाडीभोवती फिरून सलग चित्रफीत काढा: चारही चाकांच्या कडा, बंपरच्या खालच्या बाजू, काच, शेवटी इंधनाचा काटा आणि किलोमीटर. प्रत्येक ओरखडा त्यांच्या कागदावर लिहून घ्या. पिवळं परावर्तक जाकीट कुठे आहे ते बघा. ऑस्ट्रियात गाडीत ते असणं सक्तीचं आहे, आणि डिकीत सामानाखाली पडलेल्या जाकिटाचा उपयोग नाही.

मोठ्या रस्त्यांसाठी ‘विन्येट’ लागतं, म्हणजे ठराविक मुदतीचा टोल. ऑस्ट्रियन भाड्याच्या गाडीला ऑस्ट्रियाचं बहुधा असतंच, पण विचारून खात्री करा. चेकियाचं विन्येट वाहन क्रमांकावर ऑनलाइन मिळतं. मिकुलोव्ह, तेल्च, क्रुम्लोव्ह हा रस्ता बराचसा साध्या मार्गांनी होतो, पण चेस्के बुडेयोविसेजवळ नकाशा तुम्हाला अलगद डी-३ महामार्गावर नेतो. म्हणून दहा दिवसांचं विन्येट घेऊन मोकळे व्हा. घेताना सरकारी संकेतस्थळच वापरा, शोधात सर्वांत वर येणारी बरीच स्थळं मध्यस्थांची असतात आणि वरचा आकार लावतात. क्रमांक भरताना शून्य आणि ओ अक्षर यांत गोंधळ, आणि देशाच्या यादीत ऑस्ट्रियाऐवजी जर्मनी निवडणं, या दोन चुकांनी पैसे भरूनही दंड येतो.

रस्त्यावर

ऑस्ट्रिया आणि चेकिया दोन्हीकडे महामार्गावर कमाल १३०, गावात ५०. गावाबाहेर ऑस्ट्रियात १००, चेकियात ९०. गावाच्या नावाची पाटी दिसली की तिथूनच ५० लागू होतो, वेगळा फलक नसतो. ऑस्ट्रियातल्या काही बोगद्यांत आणि महामार्गांवर दोन कॅमेऱ्यांमधला सरासरी वेग मोजतात, त्यामुळे कॅमेरा दिसला की ब्रेक लावण्याचा काही फायदा नाही. चेकियात चालकाला दारूची मर्यादा शून्य आहे. मिकुलोव्हला वाइन चाखायची असेल तर गाडी हॉटेलवर ठेवून पायी जा. दिवे तिथे दिवसाही लावायचे.

सर्वांत जास्त चुकतो तो नियम उजव्या बाजूचा. गल्लीबोळात, जिथे कुठलाच फलक नाही, तिथे उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, त्याचा रस्ता कितीही अरुंद असो. पिवळा चौकोन टोकावर उभा केलेला फलक असेल तर हक्क तुमचा. महामार्गावर गाड्या तुंबल्या की थांबण्याआधीच मधे वाट करून द्यावी लागते: सर्वांत डाव्या रांगेने डावीकडे सरकायचं, बाकी सगळ्यांनी उजवीकडे. रुग्णवाहिका तिथूनच जाते.

पंपावर इंधन स्वतः भरायचं आणि नंतर आत जाऊन पंपाचा क्रमांक सांगून पैसे द्यायचे. चेकियात ‘नाफ्ता’ म्हणजे डिझेल आणि ‘नॅचरल ९५’ म्हणजे पेट्रोल. नाव ऐकून नाफ्ता पेट्रोलच्या गाडीत भरलं गेलं तर इंजिन सुरू करू नका, तिथूनच मदतीला फोन लावा. चुकीचं इंधन टाकीत असेपर्यंत ते उपसून काढता येतं; इंजिन फिरलं की खर्च कैकपटींनी वाढतो.

व्हिएन्ना ते मिकुलोव्ह सव्वा तास. दुपारी लेडनिसे आणि वाल्टिसेचे राजवाडे आणि त्यांमधली बाग. १९९६ पासून हा सगळा परिसर जागतिक वारसा आहे. दुसऱ्या दिवशी झ्नोइमोवरून तेल्चला जेवायला थांबा. चौकातली घरं एकाला एक चिकटून, खाली सलग कमानी आणि वर प्रत्येकाचा कळस निराळ्या आकाराचा. चौकाच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाकडे चालत जा, मग कमानींखालून परत. तासाभरात होतं. संध्याकाळपर्यंत क्रुम्लोव्ह. तिथे गावात गाडी नेता येत नाही, बाहेरच्या पार्किंगमध्येच ठेवायची. हॉटेलला आधी विचारून सर्वांत जवळचं निवडा, कारण चाकांच्या बॅगा गोट्यांवरून ओढणं फार त्रासाचं आहे. दोन रात्री इथे मुद्दाम ठेवल्या आहेत. दिवसापुरत्या येणाऱ्या पर्यटकांच्या बसगाड्या संध्याकाळी साडेपाचला निघून जातात, आणि मग सकाळी नऊपर्यंत व्ल्टावा नदीच्या वळणातलं ते सगळं गाव राहणाऱ्यांचं असतं.

क्रुम्लोव्हहून लिंझवरून हालस्टाट सुमारे २०० किलोमीटर, थांबे धरून चार तास. हालस्टाटमध्ये राहू नका. ओबरट्राउन किंवा बाड गोइसर्नला राहा आणि गाडी तिथेच ठेवून सकाळी पहिल्या रेल्वेने हालस्टाट स्टेशनला जा. स्टेशन तळ्याच्या पलीकडच्या काठावर आहे, तिथून छोटी बोट दहा मिनिटांत गावात नेते, आणि गाव पाण्यावरून पाहण्याची हीच खरी रीत. साडेनऊनंतर गर्दी, पार्किंग भरलेली.

खाणं

क्रूझ कंपनीला शाकाहाराबद्दल निदान महिनाभर आधी लेखी कळवा, आणि ‘मांस, मासे, अंडी, मांसाचं सूप, जिलेटिन नको’ असं मोडून लिहा. नुसत्या ‘शाकाहारी’ शब्दात सूप सुटतं. ऑस्ट्रियातली पातळ सुपं बहुतेक गोमांसाच्या पाण्यावर केलेली असतात, वर फक्त पोळीच्या पट्ट्या दिसल्या तरी. बटाट्याच्या सुपात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे सापडतात. बिनधास्त चालतं ते: केझेश्पेत्सले (चीज घातलेल्या जाडसर शेवया), चेकियात तळलेलं चीज ‘स्माझेनी सिर’ (दोन्हीत अंडं असतं), आणि अंडं नको असेल तर बटाट्याचे पदार्थ, सॅलड, पाव-चीज. हंगेरीत लांगोश (तळलेली जाड पोळी) घेताना तेलात तळलंय की चरबीत, ते विचारा.

घरून काही न्यायचं तर भाजणी, मेतकूट, कोरडी चटणी, भाजलेले पोहे न्या. साजूक तूप, पेढे, श्रीखंड, चक्का नेऊ नका, दूध आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांच्या सामानातून युरोपीय संघात नेता येत नाहीत. ताजा कढीपत्ता आणि मिरच्याही तशाच घरी ठेवा. ऑस्ट्रिया आणि जर्मनीत रविवारी किराणा दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनमधलं एखादं सोडून. शनिवारी दुपारीच फळं-दही-पाव घेऊन ठेवा.

साल्झबर्ग

हालस्टाटहून बाड इश्ल आणि सेंट गिल्गेनवरून सव्वा-दीड तास. पेट्रोल गावाबाहेरच्या पंपावर भरा, पावती जपून ठेवा, आणि हॉटेलवर जाण्याआधी थेट गाडी परत करा. परत करताना पुन्हा तशीच चित्रफीत काढा आणि ‘नुकसान नाही’ असा कागद मागून घ्या. किल्ली खोक्यात टाकून निघालात तर आठवड्याने कार्डावर पडलेल्या आकाराशी भांडायला हातात काहीच नसतं. अनामत सुटायला दोन-तीन आठवडे लागतात.

परतीला पुन्हा बायर्न टिकेट. ते साल्झबर्गच्या मुख्य स्टेशनपासूनच चालतं, म्युनिकपर्यंत प्रादेशिक गाडी पावणेदोन-दोन तास, पुढे विमानतळाची एस-८ लोकल त्याच तिकिटावर. सीमेवरच्या फ्रायलासिंगला पोलीस गाडीत चढून पासपोर्ट पाहतात, तो मोठ्या बॅगेत टाकू नका.